माफीविना

"दोन शब्द तर आहेत. म्हणून टाक ना यार," शैलेंद्र दारातूनच म्हणाला. खोलीत घाण वास भरला होता आणि आत यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्याची बायको विनीता सासऱ्यांना कुशीवर वळवून पुसत होती. डब्लिनमधल्या एका नर्सिंग होममध्ये नर्स म्हणून तिचा जन्म गेला होता. मलमूत्राची, पुवाची तिला कधी किळस आली नव्हती. अप्पांचीही येत नव्हती. किळस येत होती ती त्यांच्या मागण्याची.

"माफ केलं म्हण," अप्पा पुटपुटले. "म्हणजे मी मोकळा."

"कशाबद्दल, अप्पा?"

"झालं गेलं… आता कशाला उकरून काढायचं?"



इलाच्या आधी तिला आणखी एक मुलगी झाली होती, डब्लिनला येण्याआधी, सांगलीत. एक दिवस जगली. विनीता कॉटवर पडलेली, दूध दाटून छाती ठणकत होती, आणि दाराबाहेर अप्पा पाहुण्यांना सांगत होते, "मुलगीच होती. बरं झालं, घाण परस्पर गेली." शैलेंद्र शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. पुढे तिने विषय काढला, तेव्हा म्हणाला, "तू औषधाच्या गुंगीत होतीस."

"तेव्हा काय म्हणाला होतात, ते एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणा," विनीता म्हणाली. "मग बघू."

अप्पांची नजर तिच्यावरून निसटून भिंतीकडे गेली. "मला नाही आठवत."

आठवत होतं. ती नजर तिला चांगली कळली.

"मरणाऱ्या माणसाला छळतेस तू," शैलेंद्र म्हणाला.

 तिने अप्पांना स्वच्छ कपडे घातले, केस विंचरले, ओठ ओल्या बोळ्याने टिपले. पुढेही रोज, काही कमी न करता, करत राहिली. एका दुपारी अप्पांचा श्वास लांबत गेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले. ती वाकली, थांबली. पण शब्द आला नाही. तिनेही दिला नाही.

संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा, उल्काचा, फोन आला. स्पीकरवर ती रडत विचारत होती, "वहिनीने शेवटी माफ केलं ना रे?"

"हो, केलं," शैलेंद्र झटकन म्हणाला. "शांतपणे गेले."

 विनीता फोनपाशी गेली. "नाही केलं, उल्का," म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन हात धूत उभी राहिली.

कॉलेजातून आलेली इला मागोमाग आली. "आई, व्हॉट डिड ही डू?"

विनीताने सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत प्रथमच, कुणालातरी.

 इला म्हणाली, "इंग्लिशमध्ये एक जुना वर्ड आहे. अनश्रिव्हन. म्हणजे पापांची माफी न मिळता मेलेला माणूस."

"शिवी आहे का ती?"

"नो. जस्ट ओल्ड." तिने आईच्या हातांवर वाहणारा नळ बंद केला. "व्हॉट वॉज हर नेम?"

बारशाआधीच गेलेल्या मुलीचं नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"शरयू."

"शॅरयू," इला म्हणाली.

"श-र-यू," विनीताने दुरुस्त केलं.

इलाने पुन्हा म्हटलं. यावेळी बरोबर.