नकलेतली माणसं

बाबूरावांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. कागद पुन्हा वळायला लागला, तेव्हा एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं, दुसऱ्यावर पाण्याचा पेला, आणि उरलेले दोन कोपरे स्वतःच्या तळव्यांनी दाबून धरले.

"बघा, ओळखू येतो का?"

दीनानाथ वाकले. हत्तीच्या मानेवर बसलेला माहूत, नुसत्या पेन्सिलीनं काढलेला. मूळ चित्र त्यांना तोंडपाठ होतं. नबाबी अमदानीतल्या कुणा अनाम चित्रकाराचं ते काम. हत्तीच्या पाठीची रेघ एका दमात ओढलेली, आणि सोंडेपाशी आधी चुकलेली एक रेघ न खोडता तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी काढलेली. बाबूराव ती चुकलेली रेघसुद्धा विसरले नव्हते.

"तुमच्या गेलेल्या चित्रांपैकी," बाबूराव म्हणाले. "आठवलं तसं काढलं. तुमच्याकडं असू द्या."

मूळ चित्र पलीकडच्या खोलीत पलंगाखालच्या ट्रंकेत होतं, आणि त्या खोलीचं दार उघडं होतं.

दोघांची ओळख गोमतीकाठच्या त्या हिंदीभाषक शहरातल्या कलामहाविद्यालयाच्या एका प्रदर्शनातली. एकाच चित्रापुढं दोन अनोळखी माणसं बराच वेळ उभी होती, आणि त्यातल्या एकाच्या तोंडून "काय हात आहे!" असं मराठीत निघून गेलं. दीनानाथ दामले बँकेत अधिकारी, मूळचे साताऱ्याचे. बाबूराव वानखडे टेलिफोन खात्यात इंजिनिअर, अमरावतीकडचे. दीनानाथांना जुनी रेखाचित्रं जमवण्याचा नाद होता. रंगवलेली चित्रं त्यांना फारशी रुचत नसत. रंग चढला की चित्रकाराचा हात झाकला जातो, असं ते म्हणत. दर रविवारी नखासच्या बाजारात जाऊन, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांतून, मोडक्या चौकटींच्या मागून ते असे कागद शोधून काढत. मग संध्याकाळी डालीगंजच्या घरी बाबूराव येत, आणि भिंग हातोहात फिरत राही. कुठं कुंचला दाबलाय, कुठं उचललाय, कागद विलायती की इथला, यात चहा निवून जाई.

बाबूराव स्वतःही चित्रं काढत. हे दीनानाथांना बऱ्याच उशिरा कळलं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात बाबूरावांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये नाडीनं बांधलेलं एक बाड आणून दिलं. नोकरी लागण्याआधीपासूनची सगळी चित्रं आहेत, ते म्हणाले; तुमची नजर चांगली आहे, सवडीनं बघा आणि खरं काय ते सांगा. दीनानाथांनी ते बाड बैठकीच्या कपाटाला टेकवून ठेवलं. सवड त्यांना पुष्कळ होती. पण दर रविवारी नवा जुना कागद हाताला लागे आणि नाडी सोडायची राहून जाई. बाबूरावांनी कधी विचारलं नाही. येता-जाता त्यांची नजर कपाटाकडं जाई, एवढंच.

त्याच सप्टेंबरात गोमतीला पूर आला. पाणी अंगणात शिरलं तेव्हा दीनानाथांनी आणि त्यांच्या पत्नी लतिकाबाईंनी मिळून चित्रांची ट्रंक गच्चीवरच्या खोलीत नेली. लतिकाबाई लेकीला, छोट्या हेमाला, घेऊन वर थांबल्या, दीनानाथ पुन्हा खाली आले. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. कपाटाला टेकलेलं बाड समोर दिसत होतं. आणि टेबलावर नुकतंच मिळालेलं, अजून ट्रंकेत न ठेवलेलं चित्र होतं, कबूतर उडवणाऱ्या माणसाचं. त्या पाण्यातून दोन्ही हातांनी एकच काहीतरी डोक्यावर धरून नेणं शक्य होतं. दीनानाथांनी कबूतरवाला उचलला. बाडासाठी लगेच परत येऊ, असं ते मनाशी म्हणाले, आणि आलेही. तोवर कपाट आडवं झालं होतं.

पाणी ओसरल्यावर पहिले धावून आले ते बाबूराव. पॅंट वर दुमडून, हातात फावडं घेऊन ते चिखलातून आत शिरले. आपल्या बाडाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"तुमची चित्रं?" एवढंच विचारलं.

दीनानाथांना खरं सांगायचं होतं. पण माझी वाचली आणि तुमची गेली, हे वाक्य तोंडातून कसं काढायचं ते त्यांना सुचेना.

"सगळं गेलं," ते म्हणाले.

बाबूरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग दिवसभर ते गाळ उपसत राहिले. ओल्या गाद्या एकट्यानं गच्चीवर नेऊन त्यांनी वाळत घातल्या.

त्या दोन शब्दांनी दीनानाथांचा नाद संपवला. चित्र जमवायचं ते कुणाला तरी दाखवण्यासाठी, आणि दाखवण्याजोगा माणूस शहरात एकच होता. पुढं ते शहरातल्याच महानगर नावाच्या वस्तीत राहायला गेले. ट्रंक पलंगाखाली गेली. लतिकाबाईंनी एकदाच म्हटलं, की सांगून टाका, ते समजून घेतील. दीनानाथांनी वर्तमानपत्र उलटलं. हेमालाही त्यांनी बजावून ठेवलं होतं की वानखडेकाकांसमोर ट्रंकेचं नाव काढायचं नाही. घरात कुणी नसलं की मात्र ते ट्रंक उघडत, आणि दारावर टकटक झाली की चोरासारखे दचकत.

आणि आता काही वर्षांनी बाबूरावांनी हे सुरू केलं होतं. माहुतामागून न्हावी आला, मग घोड्याचा अभ्यास, मग हुक्का भरणारा नोकर. वर्षातून एखादं चित्र येई, कधी दोन. दीनानाथांना ती चौकटीत घालून भिंतीवर लावणं भाग होतं. ते प्रत्येक चित्र मनातल्या मनात मुळाशी ताडून पाहत. रेघ खरोखर चांगली होती, पण प्रत्येक चित्रात एक चूक असे. माहुताच्या चित्रात हत्तीच्या पायापाशी कंबरेला ओटी बांधून वाकलेली एक बाई होती, ती मुळात नव्हती. न्हाव्यामागं खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा उभा होता. घोड्याच्या लगामाशी पाटी छातीशी धरलेली एक मुलगी. जुन्या चित्रातली मोकळी जागा बाबूरावांना सोसत नाही, असं दीनानाथांना वाटे. आठवण दगा देते आणि माणूस पदरचं घालतो. ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. कधी कधी त्यांना या चुका पाहून बरंही वाटे, आणि तसं वाटल्याची मग दिवसभर लाज वाटे.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात घराला रंग द्यायला काढला तेव्हा लतिकाबाई भिंतीवरच्या चौकटी उतरवून पुसत होत्या. माहुताची चौकट हातात घेऊन त्या थांबल्या.

"यांचा चेहरा इथं जास्त थकलेला काढलाय," त्या म्हणाल्या. "त्या चित्रात एवढा नव्हता."

"माहुताचा?"

"नाही हो. या बाईंचा. बाबूरावांच्या आईंचा."

दीनानाथांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"त्या बाडातलं पहिलंच चित्र होतं ना हे? कापूस वेचणारी बाई. खाली लिहिलं होतं, आई, गयाबाई म्हणून. ते घोंगडीवाले बाबूरावांचे आजोबा. आणि पाटीवाली बहीण, शाळेत गेलेली त्यांच्या घरातली पहिली मुलगी." लतिकाबाईंचा हात फडक्यासकट थबकला. "तुम्ही बँकेत गेलात की दुपारची मी बघायचे ती चित्रं. तुम्हीही बघितलीच असणार, असं धरून चालले मी. इतकी वर्षं तुम्ही ओळखून गप्प आहात, असंच मला वाटत होतं."

दीनानाथांनी चौकट हातात घेतली आणि खिडकीपाशी नेली. ओटीच्या ओझ्यानं एका बाजूला झुकलेली कंबर, बोंडाकडं गेलेली बोटं. हत्तीची रेघ नकलेची होती; ही रेघ नकलेची नव्हती. वर्षानुवर्षं भिंतीवर असलेलं ते चित्र ते आत्ता पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते इंदिरा नगरला बाबूरावांच्या घरी गेले. दार बाबूरावांच्या पत्नी द्रौपदीबाईंनी उघडलं. "या ना भाऊजी, मागं उन्हात बसले आहेत," असं म्हणून त्या चहाला वळल्या. मागच्या अंगणात बाबूराव मांडीवर फळी घेऊन बसले होते. कागदावर नुकती सुरुवात झाली होती. दीनानाथ शेजारच्या खुर्चीवर टेकले. रिक्षात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्यांना आठवेना.

"माहुताच्या चित्रातल्या तुमच्या आई," ते शेवटी म्हणाले. "त्यांच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत."

बाबूरावांची पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही कधी विचारलं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग म्हणाले, "ती जुनी चित्रं तुम्ही मन लावून बघता. म्हटलं, आमच्या माणसांना त्यांच्यात बसवलं तर त्यांच्याकडंही नजर जाईल."

"बाबूराव, पुराच्या वेळी मी..."

"चहा येऊ द्या," बाबूराव म्हणाले. आत कपबशा वाजत होत्या. त्यांनी फळी थोडी उन्हाकडं फिरवली. कागदावर कबूतरवाला उभा राहू लागला होता. हात वर उचललेला, मान मागं टाकलेली. पगडीच्या जागी मात्र नुसता एक फिका गोल होता.

"हिची गाठ नेमकी कुठल्या बाजूला होती, ते मला काही केल्या आठवत नाही," ते म्हणाले. "तेव्हा गच्चीवर गाद्या टाकताना घाईत बघितलं होतं, ट्रंकेवर वाळत ठेवलेलं. घरी गेलात की तेवढं बघून सांगा."

दीनानाथांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बाबूरावांनी पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं, पगडीची जागा कोरी सोडली, आणि कबूतरवाल्याच्या पायाशी एका लहान मुलाची पाठ काढायला घेतली.