नागोबांच्या मधलं वाक्य

मी दरवाजा बोलतोय. बोलतोय म्हणजे करकरतोय. पण कारंज्याच्या माळीपुऱ्यातल्या या घरात माझी करकर ओळखणारी माणसं आहेत. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये माझी जागा. जगदेव सुतारानं मला बसवलं तेव्हा खालचा खुंट जरा तिरपा बसला. तेव्हापासून मला कुणी ओढून घेतलं तरी मी हळूहळू आपोआप उघडतो, आणि उघडलो तरी हलत राहतो. स्वस्थ राहणं माझ्या नशिबातच नाही. त्यात हे चार-सहा दिवस तर माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे.

मूळचा मी मानोऱ्याकडच्या रानातला साग. घरात आलो ते पंजाबरावांच्या लग्नात. पंजाबराव गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि बाजारात नेऊन विकतात. त्यांची बायको कस्तुराबाई. भाजीच्या जुड्या बांधता बांधता तिची बोटं कायम हिरवी असतात, आणि त्या हिरव्या बोटांचे ठसे माझ्या कडेला अजून आहेत. माणसं दरवाज्याकडे कधी नीट बघत नाहीत. ढकलतात, ओढतात, पाय लावतात, आणि बोट चेमटलं की शिव्या मलाच देतात. मीही तसाच ढकलला जात होतो, गोजरा सातवी पास होईपर्यंत.

गोजरा त्यांची एकुलती एक लेक. पुढे शिकायचं तिच्या मनात होतं. पण पंजाबरावांनी ओसरीवर बसूनच निकाल देऊन टाकला, "पोट्ट्याइच्या बाकावर माही पोरगी नाई बसत."

त्या दिवशी गोजरा माझ्या पाठीला पाठ लावून बराच वेळ रडली. तिचे हुंदके माझ्या फळ्यांतून जात होते आणि मी मेला तिथंही हललोच.

मग रंगरावमामा आले. ते कस्तुराबाईचे थोरले भाऊ, जऊळक्याच्या शाळेत मास्तर. त्यांनी भाचीला जवळ बसवलं.

"घरी शिक. मॅट्रिकले बाहेरून बसता येते. इतिहास-भूगोल काय, वाचून होते. पन व्याकरनाचं तुह्या बापाच्या वाफ्यासारखं हाय. रोज पानी द्या लागते. चार दिवस सोडलं का सुकलं."

"पाटी त फुटली, मामा," गोजरा म्हणाली.

मामांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. चुलीतला कोळसा कुटून, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवून त्यांनी माझं ओसरीकडचं अंग काळंकुट्ट केलं. कस्तुराबाई बघतच राहिली. "दादा, चांगल्या सागाचं तोंड काळं केलं न तुमी!"

"आता उजळन ते," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझं आयुष्य पालटलं. सकाळी सडा टाकून झाला की गोजरा खडूनं माझ्यावर एक वाक्य लिहायची. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. मग दिवसभर जाता-येता ती त्या वाक्याशी झटायची. पाण्याचा हंडा घेऊन आत जाताना कर्त्याखाली रेघ, रिकामा हंडा घेऊन बाहेर येताना कर्माखाली. मेथी निवडताना वाक्याचा काळ बदलायचा, भाकरी थापताना प्रयोग. पिठाचे हात, ओले हात, मातीचे हात, सगळे माझ्या अंगावर यायचे. महिन्या-दोन महिन्यांनी मामा यायचे, माझ्यासमोर उभे राहून तिला आडवे-तिडवे प्रश्न विचारायचे, आणि जाताना कंदिलाखालच्या फळीवर नवे खडू ठेवून जायचे.

कस्तुराबाईला अक्षर येत नव्हतं. पण रोज सकाळी तिचा एक प्रश्न ठरलेला. "आज काय घडून राह्यलं व तुह्या कवाडावर?"

"शेतकरी बैलाला मारतो."

"अन् खाली?"

"बैल शेतकऱ्याकडून मारला जातो. प्रयोग बदलला, माय."

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारला. "कायचा बदलला? दोनी बार मार बैलालेच!"

गोजरा हसत सुटली, आणि मीही वाऱ्याचं निमित्त करून करकरलो.

पण तिच्या हसण्याखाली एक घाई होती, ती मला कळायची. सुगीत मळ्यावर जावं लागलं, एखाद्या सकाळी वाक्य चुकलं, की ती दिवसभर चिडचिडी व्हायची. परतल्यावर आधी माझ्यापाशी यायची आणि कालचंच वाक्य भराभर उलटंपालटं करून बघायची, जणू हातातून काही निसटून चाललं आहे.

परीक्षेचं वर्ष आलं आणि श्रावणात पंजाबरावांनी बातमी आणली. मंगरूळकडचं एक मळेवाल्याचं घर गोजराला बघायला येणार, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.

"मुलगा किती शिकला?" कस्तुराबाईनं विचारलं.

"चवथी. मळा चांगला हाय. म्या सांगतलं, पोरगी सातवी होऊन घरकाम करून राह्यली. मॅट्रिक-फिट्रिकचं तोंडातून काढू नोका. अन् ते कवाड पुसा, तेल लावा त्याले. पावन्यासमोर हे चितरंग नाई पायजे."

गोजरानं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला उघडझाप करण्यापलीकडेही काही करता आलं असतं तर! दिवाळीनंतर लग्न उरकलं तर फाल्गुनातली परीक्षा कुठली? ओलं फडकं माझ्यावरून एकदा फिरलं की तिची सगळी वर्षं पुसली जाणार होती.

नागपंचमीला आमच्याकडे खणत नाहीत, चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. मळ्याचं काम बंद, म्हणून पंजाबराव आंघोळ करून देवळात जाऊन बसले. कस्तुराबाईनं चुना, हळद आणि काजळ कालवलं. दरवर्षी ती चुलीजवळच्या भिंतीवर नागोबा काढते. त्या दिवशी ती भिंतीकडे गेलीच नाही. काडीला कापूस गुंडाळून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि गोजराच्या वाक्याच्या भोवती नागोबा काढू लागली. वर दोन, खाली दोन, बाजूंना पिल्लं. शेपटीत शेपटी अडकवून तिनं वाक्याला कडंच घातलं. रेघ तिनं कुठं तुटू दिली नाही.

पंजाबराव आले आणि उंबऱ्यातच थांबले. "हे काय करून ठेवलं?"

"नागोबा काढले."

"कवाडावर?"

"भिंत ओली हाय, रंग धरून नाई राह्यली. अन् काढले ते झिजेपर्यंत पुसाचे नाईत, हे तुमच्या मायनंच शिकवलं मले. आता पुसता त तुमी पुसा."

पंजाबरावांनी फडकं उचललं. नागोबांकडे बघितलं. फडकं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाची आई जिजाबाई आणि वडील ओसरीवर बसले, नेमके माझ्यासमोर. जिजाबाईंनी माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चक्क हात जोडले.

"कोनता मंतर लिवला व हा? असं अक्षर मी कधी पाह्यलं नाई. लई देवाधर्माचं घर हाय."

पंजाबरावांचा चेहरा खुलला. कस्तुराबाईचा उतरला. आपण केलेली युक्ती आपल्याच लेकीवर उलटतेय, हे तिला कळलं. पाहुणे खूश झाले होते आणि बोलणी पुढं सरकली होती. जिजाबाई सुपारी फोडत म्हणाल्या, "आमाले पसंत हाय. घर पाह्यलं का पोरगी समजते."

तेवढ्यात मी उघडलो. खरं सांगतो, कुणी ढकललं नव्हतं, तो माझा तिरपा खुंट. मागं गोजरा चहाचं ताट घेऊन उभी होती. ती बाहेर आली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, तो मंतर नोहे. मी लिवलं ते. इंग्रजी हाय. फाल्गुनात मॅट्रिकले बसतो मी."

जिजाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"मंग गप बसली असती त काय बिघडत होतं? मी काय वाचून पाहत होती?" जिजाबाई म्हणाल्या.

"तुमी हात जोडले, बाई. मायनं काढेल नागोबा खरे हाईत, त्याइले जोडा. मह्या लिवण्याले नोका जोडू."

"लिवलं तरी काय हाय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"मराठीत असं हाय, माळी झाडांना पाणी देतो. माळ्याकडून झाडांना पाणी दिलं जातं."

"आमी रोजच देतो. त्याच्यात लिवाचं काय हाय?" त्यांनी बशीतला चहा भुरकला.

जिजाबाई उठल्या. पंजाबरावांकडे वळून म्हणाल्या, "पोरगी खरी हाय. पन आमच्या पोराले झेपाची नाई."

कित्येक दिवस पंजाबराव मला इतक्या जोरात आपटत होते की माझी एक खीळ ढिली झाली. इकडे जिजाबाईंनी ही हकीकत दिसेल त्याला सांगितली. बाजारात वांगी घ्यायला येणारी गिऱ्हाइकं विचारू लागली, "काय पंजाबराव, पोरगी मॅट्रिकले बसून राह्यली म्हंते?" पहिल्यांदा ते गुरकावले. मग नुसती वांगी तोलू लागले. पोळ्याच्या बाजारातून परतले तेव्हा माझ्यासमोर थांबून म्हणाले, "कापसाच्या अडत्यासमोर हो म्हनून आलो. आता नाई बसली त मलेच गावात तोंड दाखवाले जागा नाई." आणि खिशातून नवे खडू काढून फळीवर ठेवले.

त्या दिवसापासून गोजरा नागोबांच्या मधल्या जागेत लिहू लागली, शेपट्यांना खडू लागू न देता.

चार-सहा दिवसांपूर्वी ती परीक्षेला गेली. छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून अकोला. सोबत मामा आणि पंजाबराव. निघायची घाई, स्टेशनावर न्यायला बैलबंडी जुंपलेली, तरी तिनं माझ्यावर वाक्य लिहिलंच. 'आई दार उघडते.' इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच वाक्यात आलो.

"काय लिवलं?" कस्तुराबाईनं विचारलं. गोजरानं सांगितलं. कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाली, "ते त रोजचंच हाय."

पण आता रोज सकाळी ती माझ्यासमोर येते, खडू घेते आणि त्या अक्षरांवरून हळूहळू फिरवते, नागोबा गिरवावेत तशी. एक दिवस पाणी चुकायला नको म्हणते. शेवटच्या अक्षराला तिच्या हातून फणा फुटला आहे. नागोबा बाकी झिजत आले. माझा रंगही उडाला आहे, खीळ ढिली आहे, आणि बंडीचा आवाज आला की मी कडी नसल्यासारखा हलतो. ती कशी परतेल, पेपर कसे गेले असतील, मला काहीच माहीत नाही. तुम्ही कधी या ओसरीवर आलात तर एवढंच करा, मला तेल लावा, खीळ ठोका, हवं तर लाथ मारा. पण मधलं वाक्य पुसू नका. ते तिचं ती बदलेल.

थांबा. वळणावर घुंगरं वाजली. आमच्याच बैलांची आहेत. कस्तुराबाईच्या हातातली जुडी खाली पडली. हिरवी बोटं माझ्या कडीवर आली.

आई दार उघडते.