पंचवीस मिनिटांचा कप्तान

पहिल्यांदाच जहाजाच्या सफरीला निघालेली माणसं कधीकधी आमच्या दारात येतात. मी त्यांना खुर्ची देतो, कॉफी देतो आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाइनकेला हाक मारतो. हाइनके माझी बायको. सल्ला घ्यावा तर तिचा. माझा सल्ला घेतल्यावर काय होतं ते सगळ्यात चांगलं ओलेनडॉर्फबाई सांगतील, पण त्या फार सभ्य आहेत, बरंचसं गाळतील. म्हणून मीच सांगतो.

एल्बे नदीवर मी चौतीस वर्षं फेरीबोट चालवली. या काठावरून त्या काठावर, पंचवीस मिनिटं. मोटारी, दुधाचे टँकर, सायकलवाले, एकदा सर्कशीतला उंट. बोट दोन्ही तोंडांनी चालायची, त्यामुळं पलीकडं पोचल्यावर वळवायचीही कटकट नव्हती. तरी गावात मला सगळे कप्तान म्हणायचे आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

मी निवृत्त झालो आणि हाइनकेनं समुद्रसफरीचं मनावर घेतलं. हॅम्बुर्गहून निघायचं, मदेइरा आणि लिस्बन करून परत, अठरा दिवस. जाऊन आलेल्या बायकांना विचारून विचारून तिनं एक वही भरली.

"खोली जहाजाच्या मध्यावर घेऊ या, खालच्या मजल्यावर," ती म्हणाली. "तिथं कमी हलतं म्हणतात."

"म्हणणारे कोण? मी चौतीस वर्षं पाण्यावर काढलीत."

"नदीवर."

"पाणी ते पाणी."

मी सगळ्यात वरच्या मजल्यावरची, सगळ्यात पुढची खोली घेतली. समोर काय येतंय ते कप्तानाला दिसायला नको? उलटीच्या गोळ्या तिनं स्वतःपुरत्या घेतल्या, कारण माझ्यासाठी घेऊ लागली तेव्हा मी दुकानातच मोठ्यानं हसलो होतो. औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की संध्याकाळपर्यंत मिळत नाहीत, असंही ती म्हणाली. मी हातात फक्त दुर्बीण ठेवली. पहिल्या दिवशी सगळे पोहण्याच्या तलावात डुंबत होते आणि माझी पोहण्याची चड्डी न आलेल्या बॅगेत होती, म्हणून मी लोकरी कोट घालून काठावर घाम पुसत बसलो होतो.

डोक्यावर टोपी मात्र होती. फेरीवरची माझी निळी टोपी, पुढं सोनेरी नांगर. हाइनके म्हणाली, "ही घरी ठेव." मी म्हणालो, "ऊन असतं."

या टोपीमुळंच ओलेनडॉर्फबाई भेटल्या. वय एक्याऐंशी, हातात काठी, केस कापसासारखे. सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यामुळं आवाज असा की ऐकणारा आपोआप सरळ उभा राही. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या एकट्याच आल्या होत्या. लिफ्टपाशी त्यांनी टोपीकडं बघून विचारलं, "कप्तान, जेवणाचं दालन कुठल्या मजल्यावर?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "पाचव्या." निघालं चौथ्यावर. पण एक मजला जिना उतरल्यानं भूक चांगली लागली, असं त्या म्हणाल्या आणि रात्रीचं जेवण आमच्याच टेबलावर घेऊ लागल्या. मी त्यांना लाटा, वारे, ढग यांबद्दल सांगायचो. त्या मान हलवायच्या. हाइनके मासे खायची.

तिसऱ्या दिवशी बिस्केचा उपसागर लागला. वरच्या मजल्यावरची पुढची खोली म्हणजे झोपाळ्याची फळी, हे मला तेव्हा कळलं. खोली वर जायची, तिथं क्षणभर विचार करायची आणि मग खाली यायची. माझं पोट मात्र वरच राहायचं. मी दोन दिवस आडवा होतो. खोली आवरायला येणारा रोमेल नावाचा फिलिपिनो गृहस्थ हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं ठेवून जायचा.

"साहेब, खालच्या मजल्यावर, मध्यभागी जाऊन बसा," तो म्हणाला. "आणि नजर क्षितिजावर ठेवा."

"वहीत आहे ते," हाइनके म्हणाली. तिनं गोळी घेतली होती आणि ती नाचाच्या शिकवणीला निघाली होती.

पाचव्या दिवशी मी भिंतीला धरत जेवायला गेलो. ओलेनडॉर्फबाईंनी विचारलं, "कप्तान, दोन दिवस दिसला नाहीत?"

"जहाजाची पाहणी करत होतो," मी म्हणालो.

हाइनकेनं काटा खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा उचलला.

सहाव्या दिवशी मदेइराचं बंदर आलं. आदल्या संध्याकाळी दारातून एक पत्रक आत सरकवतात, दुसऱ्या दिवशीचं सगळं त्यात असतं. मी त्यातला जेवणाचा भाग वाचला. हाइनकेनं पूर्ण वाचलं आणि जहाजानं काढलेल्या सहलीत नाव घातलं.

"त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं," ती म्हणाली. "आपले आपण गेलो तर थांबत नाही."

"मेंढरांसारखं रांगेत फिरायला मी आलो नाही."

"मग साडेपाचच्या आत परत ये. आणि घड्याळ बघ जरा—"

मी तोवर बाहेर पडलो होतो. लिफ्टपाशी ओलेनडॉर्फबाई उभ्या होत्या. सहलीच्या बसला पायऱ्या फार, म्हणून त्या जहाजावरच राहणार होत्या. मी म्हणालो, "बाई, चला माझ्याबरोबर. तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जाऊ, वर बाग आहे म्हणतात." त्यांचा चेहरा असा उजळला की मला आपण खरंच कुणीतरी आहोत असं वाटलं.

आणि दुपार छान गेली. पाळण्यातून गावाची लाल छपरं बघितली. बागेत त्यांनी प्रत्येक झाडाची पाटी वाचली. मग चहाच्या दुकानात बसून काकवीचा केक खाल्ला. त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. तो टपाल खात्यात होता, त्याला प्रवासाची फार हौस आणि विमानाची फार भीती. बोलता बोलता त्यांनी मनगटाकडं पाहिलं.

"कप्तान, पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. निघायला हवं का?"

मी फोन काढून पाहिला. "चारला दहा कमी. तुमचं घड्याळ पुढं गेलंय, बाई."

"हे कधी पुढं जात नाही."

"समुद्रावरच्या हवेत जुनी घड्याळं बिघडतात," मी म्हणालो. हे मी त्याच क्षणी बनवलं होतं. "फोन कधी खोटं बोलत नाही." आणि मी आणखी कॉफी मागवली.

कॉफी येण्याआधी फोन वाजला. हाइनके होती.

"कुठं आहेस?"

"डोंगरावर. मजेत."

"कुठल्या घड्याळाप्रमाणं मजेत?"

मी फोन कानापासून काढून पडद्यावरची वेळ पुन्हा पाहिली.

"डेटलेफ, इथं पोर्तुगालची वेळ आहे, आपल्याहून तासभर मागं. तुझा फोन धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर पोर्तुगीज झालाय. जहाज जर्मन वेळेवर चालतं. पत्रकात पहिल्या ओळीत लिहिलंय, ठळक अक्षरांत. पाच वाजत आले."

"ओलेनडॉर्फबाई पण आहेत माझ्याबरोबर," मी म्हणालो.

"त्यांना सांभाळून आण," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी घड्याळाला किल्ली दिली, काठी उचलली आणि उठल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाळण्यापाशी दीडशे माणसांची रांग होती. टॅक्सी एकही नव्हती. राहिली ती तिथली वेताची घसरगाडी. म्हणजे एक मोठी टोपली, बसायला बाक, खाली चाकांऐवजी लाकडी पट्ट्या, आणि मागून दोरी धरून ढकलणारी गवती हॅटवाली दोन माणसं. उतारावरच्या डांबरी रस्त्यावरून ती सोडतात. हाइनकेच्या वहीत तिच्याबद्दल लिहिलं होतं: 'गुडघे दुखत असल्यास बसू नये.' तिथंही रांग होतीच. ओलेनडॉर्फबाई पुढं गेल्या आणि आपल्या एक्स्चेंजच्या आवाजात, शुद्ध जर्मनमध्ये म्हणाल्या, "माफ करा, मला तातडीनं जोडून द्याल का?" एक शब्द कुणाला कळला नसेल. सगळे बाजूला झाले.

घसरगाडी सुटली. माझी फेरीबोट कधी उतारावरून गेली नव्हती. वळणावर टोपली आडवी व्हायची, भिंत माझ्या कोपरापाशी यायची आणि ती माणसं आपल्या बुटांच्या रबरी तळव्यांनी रस्त्यावर ब्रेक लावायची. मी डोळे मिटून घेतले.

"कप्तान, डोळे उघडा," शेजारून आवाज आला. "नजर क्षितिजावर ठेवायची. रोमेलनं मलापण सांगितलंय."

मी उघडले. बाई काठी बंदुकीसारखी धरून ताठ बसल्या होत्या आणि हसत होत्या.

घसरगाडी अर्ध्या डोंगरातच थांबते, हेही मला ठाऊक नव्हतं. तिथं मात्र टॅक्सी मिळाली. बंदराच्या दारात उतरलो तेव्हा बाईंच्या घड्याळात साडेपाचला चार मिनिटं होती आणि जहाज धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

"तुम्ही पळा पुढं," बाई म्हणाल्या. "जाऊन सांगा, मी येतेय."

मी पळालो. चाळीस पावलं पळालो असेन. मग बरगडीत कळ आली आणि मी जहाजं बांधायच्या एका खुंटाला धरून वाकलो. टक टक करत काठी मागून आली, माझ्या शेजारी आली आणि पुढं गेली.

"या हळूहळू," बाई म्हणाल्या.

जहाजाच्या सज्जांत माणसं उभी होती. उशिरा येणाऱ्यांना बघायला लोक शीतपेयं घेऊन उभे राहतात, हा तिथला ठरलेला कार्यक्रम असतो. आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कुणीतरी ओरडलं, "आजीबाई जिंकणार." आणि आजीबाईच जिंकल्या, मी पंधरा पावलं मागं होतो.

शिडीपाशी एक तरुण अधिकारी बाई उभी होती. पावणेसहा होत आले होते. तिनं आमची कार्डं पाहिली, मग माझी टोपी पाहिली.

"सर, आपण कुठल्या जहाजावर असता?"

शेजारी ओलेनडॉर्फबाई उभ्या होत्या. त्या अधिकारी बाईच्या मागं, शिडीच्या वरच्या पायरीवर हाइनके होती. वरून शंभरेक माणसं बघत होती.

"फेरीबोटीवर होतो," मी म्हणालो. "नदीवर. पंचवीस मिनिटं लागायची."

"तिथं घड्याळ एकच असेल," ती अधिकारी अगदी गंभीरपणे म्हणाली आणि तिनं आम्हाला वर घेतलं.

हाइनकेच्या हातात माझा पासपोर्ट आणि एक कापडी पिशवी होती. जे येत नाहीत त्यांचे पासपोर्ट धक्क्यावर ठेवून जहाज निघतं, म्हणून तिच्याकडून मागितला होता. पिशवीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि दोन चड्ड्या, त्यातली एक पोहण्याची.

"आणि तू?" मी विचारलं. "तू उतरली असतीस ना?"

"मी कशाला? लिस्बन व्हायचंय अजून."

जेवताना मी टोपीशिवाय बसलो आणि ओलेनडॉर्फबाईंना सगळं सांगून टाकलं. उपसागरात पाहणी नव्हती, घड्याळं हवेनं बिघडत नाहीत, आणि पाचवा मजलाही मी अंदाजानंच सांगितला होता.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पाहणी करणारा माणूस हिरवा दिसत नाही."

"मग घड्याळाचं का ऐकलंत माझं? तुमचं बरोबर होतं."

त्यांनी थोडा वेळ पाव मोडला. "कसं आहे, दोन वर्षांत माझ्याशी कुणी वाद घातला नव्हता. बरं वाटलं. शिवाय बरोबर वेळेला एकटीनं खोलीत बसण्यापेक्षा चुकीच्या वेळेला केक खाल्लेला चांगला." मग हाइनकेकडं वळून म्हणाल्या, "पण लिस्बनला मी तुमच्याबरोबर येईन."

लिस्बनला त्या दोघी गेल्या. मी जहाजावर राहिलो. कुणी सांगितलं म्हणून नाही, मलाच धीर झाला नाही. खालच्या मजल्यावर मध्यभागी एक खुर्ची मिळाली, तिथं बसून पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. दुपारी तलावात पोहण्याची वेळ होती, आणि यावेळी चड्डीही होती, पण ती ज्या कापडी पिशवीत होती ती रोमेलनं धुवायला दिली होती.

त्या दोघी एक तास आधी परत आल्या, कस्टर्डच्या टार्टचा पुडा घेऊन. त्यांनी काय काय केलं ते मला संध्याकाळभर नीट कळलं नाही, कारण दोघी एकदम बोलत होत्या आणि मध्येच हसू लागत होत्या.

या जानेवारीत ओलेनडॉर्फबाईंचा फोन आला. मी उचलला. माझी तब्येत विचारली, हवा विचारली, मग म्हणाल्या, "हाइनके आहेत का घरात? नॉर्वेची एक सफर बघितलीय मी, सप्टेंबरची."

मी फोन दिला. बराच वेळ त्यांचं चाललं होतं. खोली मध्यावर, खालचा मजला, गोळ्या, वही. मी शेजारी उभा राहून हातानं खुणा केल्या, मीपण, मीपण.

हाइनकेनं फोनवर हात ठेवला. "थांब जरा," ती म्हणाली. "विचारते त्यांना."