एकाच चॅनेलवर सगळे

दवाखान्याच्या मोबाईल अ‍ॅपमधून पेशंटना डॉक्टरांशी लिहून बोलता यावं, एवढंच काम ताईकडे होतं. ऑफिसात ती वयाने सगळ्यांत लहान. पण कुणाचंही घोडं अडलं की तीच निस्तरायची, म्हणून सगळ्यांची ताई. निरोप पोचवणारी लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आयती मिळाली होती. प्रत्येक पेशंटला वेगळं चॅनेल, म्हणजे निरोपांची स्वतंत्र वाट, द्यायची, पुढचं सगळं ती लायब्ररी बघणार.

दुपारी अ‍ॅपची नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर गेली. ताईने सहज आपल्या फोनवर अ‍ॅप उघडलं. कुणाच्या बाळाचा ताप, कुणाची मूळव्याध, कुणाची उडालेली झोप. अनोळखी माणसांचे निरोप भराभर उतरत होते. चाचणीपुरतं तिने सगळ्यांना एकच चॅनेल दिलं होतं, ते बदलायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात आणखी एक निरोप आला. वर आईचं नाव होतं.

"डॉक्टर, ऑपरेशनचं माझ्या मुलीला कळवू नका. तिला आधीच कामाचा व्याप कमी नाही."

आईच्या फोनवर हे अ‍ॅप ताईनेच घालून दिलं होतं. तिने आधी चॅनेल बंद केलं, मग साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. साहेब पांढरेफटक पडले. झाकून चालणार नाही, सगळ्या पेशंटना कळवावं लागेल, असं तीच म्हणाली आणि तडक घरी निघाली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कसलं ऑपरेशन, आई?"

आईचा हात थांबला. डॉक्टरांनीच सांगितलं का, तिने विचारलं. ताईने आपली चूक सांगितली. आईचा निरोप कुणाकुणाच्या फोनवर गेला असेल, तेही सांगितलं.

"म्हणजे समोरच्या काकूंनीही वाचलं असेल?"

"असेल."

काकूंच्याही फोनवर तेच अ‍ॅप होतं, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. राग आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग तिने पलंगावरचे कपडे बाजूला सारले.

"बस इथे. काकूंकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. छातीत गाठ आहे. सोमवारी काढणार आहेत."

ताई तिच्या शेजारी बसली. फोन वाजला, साहेब होते. दुरुस्ती आजच करून देते, ती म्हणाली, पण सोमवारी मात्र मी येणार नाही.