लाल तारेचा डबा

मी एक जुनी, लोखंडी कचरापेटी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. या बसस्थानकावर चौदा वर्षे मी तुमची साले, कागद आणि फाटकी तिकिटे निमूटपणे गिळली आहेत.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. आतली बादली काढण्यासाठी माझ्या पाठीला एक दार ठेवले होते. रंगाऱ्याने हिरव्या रंगाचा शेवटचा हात मारला आणि तो म्हणाला, "वीस वर्षं हिला बघायला नको!" मला गगन ठेंगणे झाले. इथल्या सफाईवाल्या मावशी मला रोज पुसत. स्थानकातली सगळ्यात चकचकीत पेटी आपली, असे त्या ऐटीत सांगत.

मग दूरच्या एका शहरात स्फोट झाला. बॉम्ब म्हणे कचरापेटीत ठेवला होता. त्या दिवसापासून माणसे मला वळसा घालून जाऊ लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! शेजारच्या बाकावर प्रवासी बोलत आणि मी जीव मुठीत धरून ऐकत असे. एका देशाने म्हणे सगळ्या पेट्या मुळासकट उखडल्या. दुसऱ्याने त्यांच्या जागी आरपार दिसणाऱ्या पिशव्या टांगल्या. तिसऱ्या देशात शाळेतली पोरे बाकाखाली लपायचा सराव करतात. आणि एका देशात म्हणे शंका आली की कुणीही सांगावे, ती खोटी ठरली तरी कोणी रागावत नाही. मला तो देश फार आवडला.

आमच्याकडे कॅमेरे आले. त्यांची यंत्रे ठेवायला मावशींच्या खोलीतले कपाट गेले. मुकादमाने सगळ्यांना बजावले, "स्वतःची वस्तू स्थानकात कुठंही ठेवलेली दिसली, तर त्याच दिवशी घरी!" आता मावशींनी जेवणाचा डबा ठेवावा कुठे? त्यांनी माझे मागचे दार उघडले आणि बादलीआडच्या कोपऱ्यात तो सारला. हे फक्त म्हाताऱ्या पहारेकऱ्याला, मामांना ठाऊक होते. दुपारी दोघे मिळूनच जेवत.

एका सोमवारी त्या डब्याची कडी तुटली. मावशींनी वायरमनकडून लाल तार मागून आणली आणि डब्याला चांगले चार वेढे दिले. बॉम्बला अशाच तारा असतात, असे मी बाकावरच्या गप्पांत ऐकले होते. पण मला बोलता कुठे येते?

अकराच्या सुमारास तपासणी पथकातल्या नव्या जवानाने माझे दार उघडले आणि तो चार पावले मागे उडाला. शिट्ट्या वाजल्या. माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. एक आजी धक्का लागून पडल्या, त्यांना दोघांनी उचलून नेले. मग स्थानक रिकामे झाले आणि भोवती दोरी बांधली गेली. जाड चिलखत घातलेला एक माणूस एकेक पाऊल टाकत माझ्याकडे येऊ लागला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो घाबरला होता आणि मीही.

दोरीपलीकडे काय झाले, ते मामांनी नंतर माझ्याशेजारी बसून शंभरदा उगाळले आहे.

"मामा, तो माझा डबा आहे हो," मावशी म्हणाल्या.

"गप्प बसा. नोकरी तर जाईलच, वर चौकशीचं लचांड मागं लागेल."

"आणि तो बिचारा जीव मुठीत घेऊन चाललाय, त्याचं काय?"

मावशी दोरीखालून आत शिरल्या. दोन्ही हात वर होते. "दादा, थांबा! माझा डबा आहे तो! भात आहे त्यात!"

दोन बंदुका त्यांच्याकडे वळल्या. त्या क्षणी मला वाटले, आता संपले सारे.

डब्यात खरोखरच भात होता आणि दोन उकडलेली अंडी. चिलखतवाल्याने टोप काढला. त्याचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. तो म्हणाला, "मुकादम, यांना काढू नका. आज यांना शिक्षा केलीत, तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही."

"नियम म्हणजे नियम," मुकादम म्हणाला. संध्याकाळी मावशी झाडू जमा करून गेल्या. आठवड्याभरात माझ्या तोंडावर पत्रा ठोकला गेला आणि शेजारी आरपार दिसणारी पिशवी टांगली गेली. आता मला कोणी पुसत नाही. गंज चढतो आहे.

काल बाकाखाली कुणाची तरी बॅग राहिली होती. तिघांनी ती पाहिली. तिघेही मुकाट्याने उठून लांब जाऊन बसले. मामांनीही पाहिली आणि मान फिरवली. तासाभराने एक विसरभोळे आजोबा धापा टाकत आले आणि ती घेऊन गेले. तो तास मी कसा काढला, माझे मला ठाऊक.

मित्रांनो, अशी वस्तू दिसली तर तिला हात लावू नका, पण सांगा. लगेच सांगा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी मुकादम झालेच, तर सांगायला आलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या आणि मग काय ते विचारा.