एलियाची आजी

एलिया नवगावकर रायपूरला येणार असं कळलं, तेव्हा पुष्करने बायकोला, यामिनीला, "बरं झालं, जुना दोस्त आहे" असं सांगितलं आणि त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

पुण्याला सिनेमा शिकताना दोघे एका खोलीत राहायचे. एलिया ठाण्याचा, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातला. तेव्हा सर पुष्करचं काम वर्गात दाखवायचे आणि एलिया त्याचा ट्रायपॉड वाहायचा. मग एलिया इस्रायलला गेला. तिथे आधी लहान मुलांचे कार्यक्रम, मग टीव्हीवर पोलिसांची मालिका, मग एक साफ पडलेला सिनेमा. तो पडला तेव्हा रायपुरात पुष्करने समता कॉलनीतल्या मित्रांना समोसे खाऊ घातले. कारण सांगितलं नाही. पुढच्या सिनेमाला मात्र युरोपात बक्षीस मिळालं. पुष्कर इथे लग्नाचे व्हिडिओ काढत होता आणि हौशी मंडळींची मराठी नाटकं बसवत होता.

नवा रायपूरच्या महोत्सवात सिनेमा दाखवून एलिया घरी जेवायला आला. त्याचा नवा सिनेमा आजीवर होता. चाळिशीत कोकणातलं घर सोडून इस्रायलच्या वाळवंटातल्या वस्तीत गेलेली, मरेपर्यंत मराठीतच भांडलेली बाई.

"आजीच सापडत नाहीये," तो म्हणाला. "घर सोडताना सगळ्या नट्या रडून दाखवतात."

यामिनी पोळी वाढत होती. "रडाले फुरसत कुठं असन तिले? सामान बांधाचं होतं ना."

एलियाचा घास हातातच राहिला. "वहिनी, जरा बांधून दाखवता?"

पुष्कर हसला. "अरे, माझ्या नाटकात ही मोलकरणीची कामं करते. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही हिचा."

"कॅमेरा जवळ असतो रे."

यामिनीने चादर अंथरली. कपडे ठेवले, दोन पातेली ठेवली. खलबत्ता उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि शेवटी दाराआड सरकवला. "जड होते," एवढंच म्हणाली आणि गाठ मारू लागली.

एलियाने डोळे पुसले. "आजीचं काम तुम्हीच करा." पुष्कर एलियाच्या बक्षिसावरही कधी एवढा जळला नव्हता. इतकी वर्षं ही बाई त्याच्या तालमीत होती आणि त्याला ती दिसली नव्हती.

"तिले शाळेच्या नोकरीतून सुट्टी नाही भेटनार," पुष्कर म्हणाला.

"मी विचारतो ना मोठ्या मॅडमले," यामिनी म्हणाली. "मले जायचं आहे."

ती कोकणात शूटिंगला गेली. रोज फोनवर भरभरून सांगायची, तो "हव, हव" करायचा. एके दिवशी एलियाने एकाच प्रसंगाचे दोन टेक पाठवले. 'तुझी नजर माझ्याहून चांगली. कुठला घेऊ?'

पहिल्यात यामिनी दाराकडे वळून पाहते, डोळे भरतात. दुसऱ्यात ती पायरी उतरते, परत येते, नुसती कडी नीट बसली का पाहते आणि चालू लागते. पुष्करला क्षणात कळलं. त्याने लिहिलं, 'पहिला.'

मग तो एका लग्नाचा अल्बम पोचवायला निघाला. सदर बाजारात गाड्यांच्या गर्दीत अडकला. ती कडी काही डोळ्यांपुढून जाईना. एका सराफाच्या दुकानापुढे अर्ध्या रस्त्यातच स्कूटर थांबवून त्याने फोन केला.

"दुसरा घे. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं."

एलिया म्हणाला, "वहिनीही दुसराच म्हणाल्या. तोच घेतलाय मी."

"मग मला कशाला विचारलंस?"

"सवय आहे. अजून शॉट लावताना वाटतं, पुष्कर काय म्हणेल."

"यामिनीला फोन दे," पुष्कर म्हणाला. ती आल्यावर कसंबसं म्हणाला, "चांगलं केलं तू."

"हो ना?" तिचा आवाज फुलला. "अन् ऐका ना, एलिया भाऊजी म्हणून राहिले, पुढं त्यायची एक मालिका आहे, इस्रायललेच. त्यातबी काम देतो म्हणे. जाऊ?"

"जा ना," पुष्कर म्हणाला. फोन ठेवला आणि मागचे लोक हॉर्न वाजवत असताना बराच वेळ तो स्कूटरवर तसाच बसून राहिला.