विश्वाच्या श्वासावर चालणारी चिप

देवळाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जुडोंग गावातले निम्मे लोक चिपांच्या कारखान्यांत राबून निवृत्त झालेले, तरी सगळे माना उंचावून टेबलाकडे बघत होते. टेबलावर एक चिप होती, तिच्यापुढे आठ इवले दिवे पळत होते आणि शेजारच्या वीज मोजणाऱ्या मीटरवर शून्य होतं.

"साधी चिप वीज पिते आणि उष्णता ओकते," वेन सांगत होता. तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. कशाचा, हे कोणी विचारलं नव्हतं. "माझी चिप जेवते आणि ताट भरून परत देते. विश्वाचा श्वास आहे हा. आत, बाहेर."

मागे पेंग युए-चिन उभी होती. तिने तीस वर्षं कारखान्याच्या मोजमाप खात्यात काढली होती. ती निघालीच असती, पण पहिल्या रांगेत तिची शेजारीण आ-म्वे मांडीवर वेनने विकलेला, हिरवा दिवा लागलेला फुकटच्या विजेचा डबा घेऊन बसलेली दिसली. आ-म्वेच्या नवऱ्याला घरी यंत्रातून प्राणवायू लागायचा.

"यंत्राची बॅटरी सकाळीच दवाखान्याला परत केली गं," युए-चिन जवळ येताच आ-म्वे म्हणाली. "वादळात वीज गेली तरी आता हा डबा आहे."

वेनने तिचा हात थोपटला. "काकांचा श्वास आता विश्व सांभाळेल, मावशी."

त्या थोपटणाऱ्या हाताकडे पाहून युए-चिनच्या अंगावर काटा आला. ती सरळ टेबलापाशी गेली. चिपला दोन तारा जोडल्या होत्या, मीटर मात्र एकीवरच होतं.

"ही दुसरी तार कसली?"

"ती फक्त ताल देते. घड्याळाची टिकटिक."

"तिच्यावर मीटर लावू?"

"ताईंना शंका फार," वेन लोकांकडे वळून म्हणाला. "शंकेनं यंत्र बिघडतं." लोक हसले.

युए-चिनने मीटर लावलेली तार उपटली. दिवे पळतच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने तर हात जोडले. मग तिने तालाची तार उपटली. दिवे विझले. ती तार तिने मीटरमधून परत जोडली, तसे दिवे पेटले आणि आकडे भराभर चढले.

"सगळी वीज इथून येतेय," ती म्हणाली. "हा फक्त रिकाम्या तारेवर मीटर लावून बसलाय."

"पण परत काहीच येत नाही का?" एक जुना कामगार हिरमुसून म्हणाला.

"येते. वीज हळूहळू चढवली, हळूहळू उतरवली, तर बरीच परत घेता येते. त्यावर चांगल्या माणसांनी आयुष्य वेचलंय. पण सगळी कधीच येत नाही. तुमच्या डोळ्यांत गेलेला उजेड परत कुठून येणार, दादा?"

तिने आ-म्वेचा डबा उघडला. आत सिमेंटचा गोळा होता आणि हिरवा दिवा पेटवायला घड्याळाचा एक सेल.

आ-म्वेने तो गोळा हातात घेतला. "हे मी त्यांच्या नाकाला जोडणार होते," ती म्हणाली.

वेन सामान आवरू लागला. तरीही दोघे-तिघे त्याच्याभोवती घुटमळत होते, "पुढच्या खेपेला तरी" असं काहीबाही विचारत होते. युए-चिनला त्याच्यापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली. तिने आ-म्वेला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखाना गाठला. बॅटरी अजून तिथेच होती.

फुकटच्या विजेची गोष्ट कोणी सांगितली, तर सगळ्या तारा मोजा, एकही सोडू नका. आणि जो मोजू देत नाही, त्याच्या हाती घरच्या माणसाचा श्वास देऊ नका.